जोत्याचे चिरे, सिमेंटच्या दरजा आणि खार : जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली. चुन्याचे काम करायचे तर आता ते फेब्रुवारी, असे ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी सांगितले. हाती घेतलेले काम फक्त गल्लीकडच्या जोत्याचे आहे : ४२ फूट लांब, घडीव काळ्या दगडाचे पाच थर, त्यावर विटांची भिंत. वाडा नदीच्या बाजूच्या उतारावर असल्याने २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांचे पाणी ओट्याला लागून गेले आहे. लाकूडकाम आणि छप्पर वेगळे प्रकरण, ते इथे लिहीत नाही.

आज भाऊजी आणि मी प्रत्येक चिऱ्यावर खडूने क्रमांक टाकला, फोटो काढला आणि लहान हातोडीने ठोकून पाहिले. चांगला दगड खणखणीत वाजतो. आतून सुटलेला बद्द वाजतो, आणि हात फिरवला की पोपडा निघून हातात येतो. एकूण ११८ चिऱ्यांपैकी ३१ बद्द. ते सगळेच्या सगळे खालच्या तीन थरांत, जिथे सासऱ्यांच्या काळात सिमेंटने दरजा भरून घेतल्या होत्या. वरच्या दोन थरांत जुना चुना तसाच आहे. तिथे एकही चिरा गेलेला नाही.

दुसरी गोष्ट सिन्नरकडच्या पाथरवट मामांनी दाखवली. बिघडलेल्यांत बहुतेक दगड पांढऱ्या ठिपक्यांचे आहेत. "ताई, काळा पाषाण हलत नाही. हा मांजऱ्या आहे. ज्यानं बसवला त्यानं मालकाकडून पाषाणाचेच पैसे घेतले असतील," असे म्हणून मामा बराच वेळ हसले. आपल्याकडचा हा सगळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसॉल्ट. ज्या थरात वायूचे बुडबुडे अडकले तिथे पुढे पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे आणि हिरवट माती साचली. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जे झिओलाइट काचेआड चमकतात, त्यांचीच गरीब भावंडे आमच्या जोत्यात बसली आहेत.

१७ नोव्हेंबर

खालच्या थरांवर मांडीच्या उंचीपर्यंत पांढरा, कापसासारखा खार फुटला आहे. घरात सगळे त्याला 'चुना बाहेर येतोय' म्हणत आले. खरवडून थोडा डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला आणि भाचीच्या रसायनशास्त्राच्या बाईंकडे नेला. बेरियम क्लोराइड घातल्यावर पांढरा साका बसला आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकूनही तो गेला नाही, म्हणजे सल्फेट. सिल्व्हर नायट्रेटने थोडे क्लोराइडही दाखवले. सल्फेटचा मोठा वाटा सिमेंटचा असणार, कारण सिमेंटमध्ये जिप्सम असते आणि सोडियम-पोटॅशियमचे क्षारही असतात. पूर्वेच्या कोपऱ्यात गोठा होता; तिथे नायट्रेट असणारच, ते आम्ही तपासले नाही.

क्षार नुसते असून दगड फुटत नाही. ते पाण्याबरोबर चढतात, पाणी उडून जाते आणि स्फटिक धरतात. वाफ दगडाच्या तोंडावर झाली तर खार बाहेर दिसतो आणि झाडूने निघतो. वाफ तोंडाच्या जरा आत झाली तर स्फटिक आतून रेटतात आणि पोपडा उडतो. आमच्याकडे सिमेंटची दरज पाण्याला वाट देत नाही, म्हणून पाणी मऊ चिऱ्यातून निघते. दरज दगडापेक्षा कच्ची हवी ती एवढ्यासाठी.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेन साडेतीनशे रुपयांत आणला. पुढे सर्वांत जास्त कामाला आलेली वस्तू हीच.

२४ नोव्हेंबर

आठवडाभर दगडाला हात लावला नाही. पाणी येते कुठून ते शोधले. तीन वाटा सापडल्या.

छपराच्या पन्हळीचा पाइप पश्चिमेच्या कोपऱ्यात जमिनीपासून दोन फुटांवर तुटलेला. पावसाळाभर तिथले पाणी थेट जोत्यावर. आतल्या न्हाणीची मोरी भिंतीखालून जाते, तिचा सांधा उकललेला; बादलीभर निळीचे पाणी ओतले तर तासाभराने दगडाच्या दरजेत निळसर ओल. तिसरी वाट गल्ली. काँक्रीट करताना ती दर वेळी थोडी उंच झाली आणि जोत्याचा सर्वांत खालचा, सहावा थर तिच्याखाली गाडला गेला. आम्ही पाच थर मोजत होतो ते म्हणूनच.

गल्ली फोडायचा अधिकार आमचा नाही. अर्ज दिला आहे, उत्तर नाही. तोवर ओट्याच्या आमच्या हद्दीतली पट्टी, नऊ इंच रुंद, खणून सहावा थर उघडा केला, तळाला उतार देऊन खडी भरली आणि पाणी गटाराकडे काढले. पन्हळ बदलली, मोरीचा पाइप नवा घातला. या सगळ्याला २२ हजार लागले. सासूबाई म्हणाल्या, "दगडाचं काम काढलंत ना, मग हे प्लंबिंग कशाला?" पण कोणी याच नोंदी वाचून काम सुरू करणार असेल तर पैसा पहिल्यांदा इथे घाला. पुरेसा नसेल तर फक्त इथेच घाला.

२ डिसेंबर

चुना मुरायला वेळ लागतो, म्हणून दरजा उघडण्याआधीच तो आणून टाकायचा होता. पहिल्या दुकानातून आणलेल्या गोण्या निकामी निघाल्या. कळीचा चुना पाण्यात टाकला की चरचरून उकळायला हवा, ढेकूळ फुटून वाफ यायला हवी. हा नुसता बुडाला आणि गार राहिला. उघड्यावर पडून हवा आणि ओल लागलेली कळी आधीच विरते, पुढे खडू होते. तिने काही धरत नाही. दुकानदाराने परत घेतला, पण येणे-जाणे आणि टेंपो आमच्या अंगावर. आता खरेदी करताना मूठभर ढेकळे पाण्याच्या डब्यात टाकून दाखवायला सांगते.

दुसरा माल उत्तम निघाला. अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात पाणी आधी, चुना नंतर, थोडा थोडा. उलट करू नये, चेहऱ्यावर उडतो. डोळ्यांना गॉगल हवाच. मामा लावत नव्हते, त्यांच्या मुलाने रागावून लावायला लावला. विरलेला चुना जाळीतून गाळून पिंपात, वर चार बोटे पाणी ठेवून, झाकून ठेवला. निदान महिना-दीड महिना.

९ डिसेंबर

सिमेंट काढणे. एका ठेकेदाराचा माणूस ग्राइंडर घेऊन आला आणि तीन फुटांची दरज दहा मिनिटांत उघडली. सगळे खूश. धूळ बसल्यावर पाहिले तर दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या कडा पातीने दोन-तीन मिलिमीटर खाल्लेल्या. घडीव दगडाची कड गेली की दरज कायमची रुंद दिसते, आणि ती परत येत नाही. त्याला दिवसाचे दोन हजार देऊन थांबवले.

मामांची पद्धत वेळखाऊ आहे पण दगड वाचतो. दरजेच्या बरोबर मध्यावर ड्रिलच्या सहा मिलिमीटरच्या बिटने ओळीने भोके पाडायची, ड्रिलचा ठोका (हॅमर) बंद ठेवून. मग पातळ छन्नीने मधला भाग मोडायचा आणि राहिलेले सिमेंट दगडापासून आतल्या बाजूला पाडायचे. छन्नी कधीही दगडाकडे रोखायची नाही. दोन माणसांचे दिवसाला बारा-पंधरा फूट होते. जिथे सिमेंट दगडाला इतके घट्ट बसले आहे की तोडताना दगड येईल, तिथे ते तसेच सोडले. चार जागा आहेत, नकाशावर लाल केल्या.

आतला जुना चुना हाताला ओला आणि भुसभुशीत लागला. इतकी वर्षे पाणी त्याच्यात कोंडले होते. दरज जेवढी रुंद त्याच्या निदान दुप्पट खोल साफ केली आणि महिनाभर उघडी ठेवली, वाळायला.

२२ डिसेंबर

दर्शनी चिऱ्यांवर तीन-चार निवडणुकांचा ऑइलपेंट आहे. प्रेशर वॉशर भाड्याने आणून कोपऱ्यात एका मांजऱ्या चिऱ्यावर चालवून पाहिला. रंग राहिला, दगडाची कातडी गेली. वॉशर त्याच संध्याकाळी परत.

मग पेंट रिमूव्हर लावून वर प्लास्टिक चिकटवले, अर्ध्या तासाने लाकडी पट्टीने खरवडले, नायलॉनच्या ब्रशने धुतले. तीनदा करावे लागले. पोकळ्यांत बसलेला रंग अजून दिसतो. तो तसाच राहू द्यायचा ठरले. शेवाळ आणि काजळी साध्या पाण्याने आणि ब्रशने निघाली, थोडी अमोनियाच्या पातळ पाण्याने.

या दिवसांत गल्लीतून जाणारा प्रत्येक जण एक सल्ला देऊन गेला : ॲसिड मारा, चकाचक होईल. ॲसिड चुना खाते, मागे क्लोराइडचे क्षार ठेवते आणि बेसॉल्टमधले लोह गंजवून दगडाला तांबूस डाग पाडते. ज्या रोगावर औषध करतोय तोच रोग बाटलीतून ओतायचा.

पाठीमागच्या भेगेत पिंपळ होता. ओढून काढला नाही. बुंधा कापून ताज्या कापावर तणनाशक ब्रशने लावले. मुळे आत मरू दिली की मग भेग चुन्याने भरता येते. ओढला असता तर दोन चिरे बरोबर आले असते.

५ जानेवारी २०२५

क्षार ओढून काढण्याचे लेप. पहिला लेप नुसत्या मुलतानी मातीचा केला. दुपारच्या उन्हात आकसला, भेगाळला आणि चार वाजेपर्यंत अर्धा ओट्यावर पडला. लेप दगडाला चिकटून वाळला पाहिजे, नाहीतर पाणी त्याच्यात येतच नाही.

दुसरा : कोऱ्या टिश्यू कागदाचा लगदा, चिनी माती आणि धुतलेली बारीक वाळू, अंदाजे सारख्या मापाने, डिस्टिल्ड पाण्यात कालवून. जाडी बोटाएवढी. आधी दगड हलका ओला करायचा, मग लेप दाबून बसवायचा, वर गोणपाटाची सावली. हा बसला. नळाचे पाणी वापरू नका, त्यात स्वतःचे क्षार असतात. आमच्या नळाचे पेनवर दोनशेच्या पुढे येते. वर्तमानपत्राचा लगदाही नको, शाई उतरते.

लेप पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. थंडीत आठ-दहा दिवस लागले.

२६ जानेवारी

मोजमाप असे केले : वाळलेल्या लेपाचा एक चमचा अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात, हलवून, तासभर ठेवून, गाळून पेनवर. लगद्याच्या पहिल्या लेपाचे ८६० आले, दुसऱ्याचे ३९०. न वापरलेला कोरा लेप ४० दाखवतो. तिसरा लेप लावला आहे. गोठ्याच्या कोपऱ्यात मात्र दुसऱ्या लेपालाही ७१० आहे. तिथे चौथा, कदाचित पाचवाही लागेल.

दरम्यान सुंदरनारायण मंदिरावर जाऊन आले. १७५६ चे मंदिर. राज्य पुरातत्त्व विभागाच्या कामात तिथले दगड क्रमांक टाकून उतरवून पुन्हा चुन्यात बसवलेले आहेत. तिथल्या दरजा बोटाने चाचपून पाहिल्या, रंग आणि खोली वहीत लिहिली. काळारामाच्या भिंतींकडेही या वेळी वेगळ्या नजरेने पाहिले. तो रामशेजच्या डोंगरातला निवडलेला घट्ट पाषाण आणि बारीक दरजा. आमच्या वाड्याच्या मालकाला तेवढे परवडले नसावे.

२ फेब्रुवारी

मागच्या भिंतीवर चुन्याचे नमुने लावून तीन आठवडे झाले. निकाल :

एक भाग चुना, तीन भाग क्रश सँड, न धुतलेली : केसासारख्या भेगा. दगडाची पूड फार.

तेच, सँड दोनदा धुऊन, चाळून : भेगा नाहीत, पण नखाने खरवडते.

एक भाग चुना, दोन भाग धुतलेली सँड, अर्धा भाग सुरखी : नखाला दाद देत नाही, तरी छन्नीने सहज निघते. हाच घ्यायचा. सुरखी गावभट्टीच्या कमी भाजलेल्या, फिक्या विटांची कुटून घेतली. जास्त भाजलेली, काळसर वीट चुन्याशी नीट मिळत नाही, ती नुसती वाळूसारखी पडून राहते.

मामांच्या आग्रहाने एक नमुना गूळ, हिरडा आणि बेलफळाच्या गराच्या पाण्यात केला. करणीवरून लोण्यासारखा सरकतो, हे खरे. पण गूळ जास्त झाला, त्यामुळे तो बसायला वेळ लागला आणि मुंगळ्यांची रांग लागली. शेवटी हिरडा-बेलफळाचे पाणी ठेवले आणि गूळ नावाला. मामा नाराज नाहीत, पण समाधानीही नाहीत.

१० फेब्रुवारी

दरजा भरायला सुरुवात. आदल्या संध्याकाळी दरज भिजवायची, सकाळी पुन्हा शिंपडायची. चुना कोरडासर, मुठीत वळेल इतका, आणि थराथराने ठासायचा. दरज दगडाच्या तोंडापेक्षा दोन मिलिमीटर आत ठेवली. कडेवरून पसरलेला पातळ चुना पहिल्याच पावसात सुटतो. थोडा आवळला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकून तोंड खरबरीत करायचे. गुळगुळीत घोटला तर वाफ कोंडते.

वर ओले गोणपाट, दिवसातून तीनदा पाणी, निदान दोन आठवडे. हे पाणी मारायला माणूस ठेवलेला नव्हता. सकाळी मी, दुपारी सासूबाई, रात्री भाऊजी.

३ मार्च

पूर्वेकडचा शेवटचा आठ फुटांचा भाग बिघडला. फेब्रुवारीअखेर ऊन तापले, सकाळचे ऊन थेट तिथेच, आणि दोन दिवस आम्ही लग्नाला गेलो होतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो, पण त्याला ओल लागते. कोरडा पडला की नुसती भुकटी. बोट फिरवले तर पांढरे. सगळे उकरून पुन्हा भरले, या वेळी बांबूवर शेडनेट बांधून. मजुरी दुप्पट पडली.

२३ मार्च

बिघडलेल्या चिऱ्यांचे काय करायचे, यावर घरात सर्वांत जास्त चर्चा झाली. भाऊजींना सिलिकॉनचा पारदर्शक लेप हवा होता. एका दुकानाने 'दहा वर्षे काळजी नको' असे सांगितले होते. म्हणून कार्स्टेन नळी मागवली : मापाच्या खुणा असलेली काचेची नळी, पुटीने दगडाला चिकटवायची, पाणी भरायचे, किती शोषले ते वाचायचे. घट्ट काळ्या चिऱ्यावर अर्ध्या तासात पाण्याची रेष जागची हलली नाही. जो दगड पाणी पीतच नाही त्याला पाणी न पिण्याचे औषध कशाला? मांजऱ्या चिऱ्यावर नळी दहा मिनिटांत रिकामी. तिथे लेप दिला तर बाहेरचे पाणी थांबेल, पण आमचे पाणी खालून आणि मागून येते. ते लेपामागे अडून तिथेच क्षार धरेल आणि पोपडा लेपासकट उडेल. भाऊजींनी नळी स्वतः दुसऱ्यांदा लावून पाहिली, मग विषय संपला.

एथिल सिलिकेट दोन चिऱ्यांवर करून पाहिले, ज्यांचा क्षार काढायच्या लेपाचा आकडा खाली आला होता आणि जे पूर्ण वाळले होते त्यांवरच. हे आत जाऊन सिलिका सोडते आणि सुटे कण बांधते. पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे. भुकटी पडणे थांबले आहे. पण फुगणाऱ्या मातीवर त्याचा इलाज नाही, आणि भाव पाहता ३१ चिऱ्यांना लावणे परवडणारे नाही. बाकीच्यांचे सुटलेले पोपडे तेवढे काढले, कडा चुन्याने बुजवल्या की पाणी मागे शिरू नये, आणि सोडून दिले. दगड थोडा खोलगट दिसतो. दिसू दे.

एकच चिरा बदलावा लागला, कोपऱ्याचा. बोटभर आत गेला होता. पाडलेल्या एका वाड्याचे चिरे विकायला होते, त्यातला ठोकून, वाजवून निवडला आणि मामांनी टाकीने मापाला आणला. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे पडतात आणि त्यांचे चिरे शहराबाहेरच्या रिसॉर्टच्या बागांत जातात. निदान एक परत गावात आला.

१८ मे

पावसाने यंदा मे महिन्यातच गाठले. रोज संध्याकाळी वादळी सरी. चुन्याला वय कमी, म्हणून धाकधूक होती. पूर्वेकडच्या पुन्हा भरलेल्या भागात दोन दरजांचे तोंड धुपले, बाकी सगळे जागेवर. नऊ इंची चर चालली. ओट्याजवळ पाणी साचले नाही.

२० जुलै

आठवड्यात दोनदा खडूच्या क्रमांकांप्रमाणे फेरी मारते. बद्द वाजणाऱ्यांत नवा एकही नाही. खालच्या दोन थरांवर खार अजून येतो, मात्र आता तो चुन्याच्या दरजेवर फुटतो आणि दगड कोरडा आहे. तो कोरड्या ब्रशने, पाणी न लावता झाडून कागदावर गोळा करून टाकते. पाण्याने धुतला तर परत आत जातो. काही वर्षांनी या दरजा भुसभुशीत होतील आणि पुन्हा भराव्या लागतील. त्यासाठीच त्या घातल्या आहेत.

खर्च : मजुरी १,०८,००० (त्यात पूर्वेचे दुबार काम आले). पाण्याच्या वाटा २२,०००. चुना, सँड, सुरखी १४,५००. लेपाचे सामान, डिस्टिल्ड पाणी आणि एथिल सिलिकेट ९,८००. पेंट रिमूव्हर आणि वॉशरचे भाडे ६,५००. चिरा आणि त्याची चढउतार ७,०००. नळी, पेन, छन्न्या, शेडनेट ४,२००. ग्राइंडरवाला २,०००. एकूण १,७४,०००.

राहिलेले : लाल केलेल्या चार जागा, गोठ्याच्या कोपऱ्याचा पाचवा लेप आणि शेजाऱ्यांबरोबरची सामाईक भिंत. तिच्यावर त्यांच्या बाजूने सिमेंटचा गिलावा आहे आणि तो काढायला ते अजून तयार नाहीत. पिंपात अर्धा चुना शिल्लक आहे, पाण्याखाली. नोव्हेंबरमध्ये मामा यायचे कबूल आहेत.